मयत माणसाचं नाव कसं काढायचं?

ऑक्टोबर २०२३. जिल्ह्याच्या गावी आम्ही छोट्या संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा ठेवली होती. विषय होता प्रकल्प प्रस्ताव कसा लिहायचा. पडद्यावर चौकटी होत्या : उद्दिष्ट, निष्पत्ती, निर्देशक, पडताळणीचं साधन. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळे पेंगत असताना मागच्या रांगेतले एक निवृत्त गुरुजी उठले. म्हणाले, "मॅडम, हे सगळं चांगलंच आहे. पण आमच्या उताऱ्यावर दोन मयत माणसं आहेत. त्यांची नावं कशी काढायची, तेवढं सांगता का?"

हशा पिकला. मीही हसले. (उतारा म्हणजे धर्मादाय कचेरीत नोंदलेल्या विश्वस्तांच्या नावांचा कागद.) मात्र चहाच्या वेळी आणखी चौघे जण एकेकटे येऊन, आवाज खाली घेऊन हेच विचारून गेले. दोन दिवस आम्ही भलत्याच प्रश्नाचं उत्तर शिकवत होतो.

गुरुजींच्या संस्थेबरोबर पुढे जवळपास दोन वर्षं काम केलं, त्याची ही नोंद. संस्थेचं, गावाचं, माणसांचं नाव देत नाही. तशी त्यांचीच इच्छा आहे. आमच्याबद्दल एवढंच सांगते की आम्ही 'संस्थांची संस्था'. स्वतः शाळा, दवाखाना काही चालवत नाही. जे चालवतात त्यांच्या कागदपत्रांत, हिशेबात, भांडणांत हात घालतो. हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. दिल्लीची 'प्रिया' ही संस्था १९८२ पासून आणि मुंबईचं सेंटर फॉर अॅडव्हान्समेंट ऑफ फिलॅन्थ्रोपी १९८६ पासून अशीच कामं करत आलं आहे. तालुक्याच्या गावापर्यंत मात्र असं कुणी क्वचितच पोचतं. तिथे ही कामं धर्मादाय कचेरीच्या आवारातले वकील, गावचा टॅक्सवाला आणि कुणाच्या तरी ओळखीतला कारकून असे तिघे मिळून करतात, आणि तिघांपैकी कुणालाच पूर्ण चित्र ठाऊक नसतं.

बॅगेतली संस्था

गाव मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यातलं. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी (इकडे जोडप्यालाच 'कोयता' म्हणतात) पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जातात. परततात ती पाडव्याच्या आसपास. पोरं बरोबर नेली की शाळा सुटते, मागे ठेवली तर ती म्हाताऱ्या आजीच्या जिवावर. सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्या योजनेत जी पोरं बसत नव्हती, त्यांच्यासाठी १९९८ मध्ये सात जणांनी ही संस्था काढली : पाच शिक्षक, एक किराणा दुकानदार, एक कंपाउंडर. सातच का, तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० प्रमाणे किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात त्याच संस्थेची सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंद होते, म्हणून प्रमाणपत्रं दोन. नोंदणी क्रमांकाच्या आधी 'एफ' दिसलं की समजायचं, ही दोन कायद्यांची लेक आहे.

एका जुन्या वाड्यात हंगामापुरती चाळीसेक पोरं राहतात. एक मावशी स्वयंपाक करतात, पोरांना न्हाऊ-माखू घालतात, रात्री उशाशी झोपतात. संध्याकाळचा अभ्यास एक तरुण ताई घेते. ती स्वतः याच वाड्यात वाढलेली.

जुलै २०२३ मध्ये एका कंपनीच्या सीएसआर (समाजकामावरच्या खर्चाच्या) विभागाची माणसं वाडा बघून गेली. काम आवडलं, पैसे द्यायची तयारी दाखवली आणि कागदांची यादी दिली : १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सूट), ८०जी (देणगीदाराला करसवलत), सीएसआर-१ नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. कंपनी कायद्याच्या कलम १३५ चा, म्हणजे सीएसआरचा, पैसा घ्यायचा तर १ एप्रिल २०२१ पासून संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरावाच लागतो, आणि त्यासाठी आधी १२ए आणि ८०जी लागतं. यादी हातात घेऊन गुरुजी आमच्या कार्यशाळेत येऊन बसले होते.

६ नोव्हेंबरला आम्ही वाड्यावर गेलो. गुरुजींनी रेक्झिनची एक बॅग आणून पुढ्यात ठेवली. "ही संस्था," म्हणाले. बॅगेत निघालं ते असं : १९९८ ची दोन्ही प्रमाणपत्रं, लॅमिनेट केलेली, लाल कापडी पाठीचं प्रोसिडिंग बुक (सभांच्या नोंदींची वही), पावती पुस्तकांची स्थळप्रत, आयकर खात्याचं २००३ चं १२ए चं पत्र, घडीवर फाटलेलं, २०११ चा चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) मंजुरीचा आदेश, पॅनकार्ड, आणि चेकबुकात कोरे दोन चेक, ज्यांच्यावर खजिनदारांनी आगाऊ सही करून ठेवली होती. खजिनदार २०२१ मध्ये कोरोनात गेले. चेक तसेच राहिले होते. "वापरायला मन झालं नाही," गुरुजी म्हणाले. मन झालं असतं तर भलतंच प्रकरण ओढवलं असतं, हे मी तेव्हा बोलले नाही.

गाठ कुठे होती

घटनेप्रमाणे कार्यकारी मंडळाची (कायद्याच्या भाषेत विश्वस्तांची) मुदत तीन वर्षं. २०११ नंतर २०१४, २०१७, २०२० आणि २०२३ अशा चार निवडणुका झाल्या होत्या, नेमाने. प्रोसिडिंगमध्ये सूचक, अनुमोदक, सह्या सगळं होतं. फक्त धर्मादाय कार्यालयात एकाही बदलाची नोंद दिली नव्हती. विश्वस्तव्यवस्था कायद्याचं कलम २२ सांगतं की विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. निवडणूक झाली म्हणजे बदल झाला, अशी यांची समजूत. आणि ती समजूत चुकीची तरी कशी म्हणावी? गावाने तर मान्य केलेलंच होतं. पण सरकारदरबारी संस्था २०११ मध्येच थांबली होती. शेड्यूल एकच्या उताऱ्यावर मयत कंपाउंडर होते, मयत खजिनदार होते आणि २०१३ मध्ये भांडून बाहेर पडलेले एक सर होते. हयात आणि पदावर असलेले एकटे अध्यक्ष.

या एका गोष्टीने बाकी सगळं अडलं होतं. बँकेत दोन सह्यांचा नियम होता, त्यातली एक सही खजिनदारांबरोबर गेली. नवीन सही घ्यायला बँक नव्या नावांचा उतारा मागे. उतारा नाही, म्हणून खातं हलत नव्हतं. खातं हलत नाही, म्हणून देणगी रोख यायची आणि रोखच खर्च व्हायची. ट्रस्टचा लगेच न लागणारा पैसा बँकेत ठेवावा असं त्याच कायद्याचं कलम ३५ म्हणतं. ते बाजूलाच राहिलं. रोखीवर चालणाऱ्या हिशेबाला कंपनी हात लावत नाही. म्हणजे कंपनीच्या पैशाची वाट एका मृत्यूच्या दाखल्यापाशी अडली होती, आणि तो दाखला दोन वर्षं बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात पडून होता.

असल्या संस्थांबद्दल 'क्षमता कमी आहे' असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. चाळीस पोरं पंचवीस वर्षं सांभाळणाऱ्या माणसांची क्षमता कमी कशी? कचेरीची भाषा बोलणारं माणूस त्यांच्यात नव्हतं, एवढंच. आणि जे थोडंफार बोलत होते, ते खजिनदार गेले.

आमची चूक

शेवटची निवडणूक १५ ऑगस्ट २०२३ ला, झेंडावंदनानंतर झाली होती. म्हणजे त्या एका बदलापुरती नव्वद दिवसांची मुदत १३ नोव्हेंबरपर्यंत होती. आम्ही ६ तारखेला गेलो. आठवडा हातात होता. आम्ही काय केलं, तर "तुम्ही काळजी करू नका, आम्ही बघतो" म्हणून बॅग उचलून जिल्ह्याला आणली. दिवाळीचा आठवडा. आमचे हिशेबनीस गावी गेलेले. बॅग कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. मुदत गेली. बाकीचे बदल जुनेच होते, त्यांना विलंब माफीचा अर्ज लागणारच होता. पण हा एक वेळेत गेला असता, तो आमच्यामुळे त्यांच्या पंगतीत जाऊन बसला.

गुरुजी काही बोलले नाहीत. ताई बोलली. "बॅग इथं असती तर मीच नेऊन दिला असता की अर्ज."

खरं होतं ते. मदत करणाऱ्या संस्थेला लागणारा हा रोग आहे : काम आपण केलं की लवकर होतं, नीट होतं, आणि अहवालात लिहिता येतं. समोरच्याच्या हातात मात्र काही उरत नाही. त्या दिवसापासून एक नियम केला. बॅग वाड्यावरच राहणार. फॉर्म ताई भरणार, आम्ही शेजारी बसणार. तिने चूक केली तर खोडून पुन्हा. त्याला वेळ लागला. सहा अर्ज होते : चार निवडणुकांचे, दोन मृत्यूंचे. प्रत्येकाला नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, सभेच्या इतिवृत्ताची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्रं. पहिला अर्ज तयार व्हायला तीन आठवडे लागले. सहावा ताईने एका दुपारी केला आणि मला फोटो पाठवला, "बघा फक्त" असं लिहून.

अप्पांकडे

सगळ्यात जड कागद कुठल्याच यादीत नव्हता.

उताऱ्यावरचे ते तिसरे सर, अप्पा म्हणू, २०१३ मध्ये एका सभेत जमाखर्चाच्या पावत्या मागून बसले होते. लोकांना वाटलं, संशय घेतायत. बोलाचाली झाली. अप्पा उठून गेले आणि पुढे मुलाकडे शहरात राहायला गेले. २०१४ च्या निवडणुकीची नोटीस त्यांना कुणी पाठवली नाही. कायद्याने ते तेव्हा विश्वस्त होते. आता त्यांनी हरकत घेतली असती तर २०१४ ची निवडणूकच वादात सापडली असती, आणि तिच्यावर उभ्या पुढच्या तिन्ही. वकिलांचा सल्ला होता की ना-हरकत पत्र आणा, नाहीतर गप्प बसा आणि ते हरकत घेणार नाहीत असं धरून चला. गुरुजींचा कल दुसऱ्याकडे होता. आम्ही म्हटलं, जाऊन तर येऊ.

डिसेंबरात एसटीने गेलो, गुरुजी आणि मी. चार तासांच्या प्रवासात गुरुजी तीन वेळा म्हणाले, "ते घरी नसतीलही." घरी होते. पाणी आलं, चहा आला. ऊस, पाऊस, गुडघे, नातवंडं सगळं झालं. संस्थेचं नाव कुणी काढेना. मीही काढलं नाही. हे माझं भांडण नव्हतं. शेवटी गुरुजींनी पिशवीतून उताऱ्याची प्रत काढून टीपॉयवर ठेवली. म्हणाले, "अप्पा, यावर अजून तुमचं नाव आहे."

"अजून आहे?"

अप्पांनी चष्मा बदलला. बराच वेळ तो कागद हातात धरून बसले. मग म्हणाले, "मी हिशेब मागितला होता. चोर म्हटलं नव्हतं कुणाला." गुरुजी म्हणाले, "हं." माफी कुणी मागितली नाही, मागायला लावलीही नाही. निघताना अप्पांनी ना-हरकत पत्राचा मसुदा ठेवून घेतला, सही केली नाही. परतीच्या गाडीत गुरुजी म्हणाले, गेला तो कागद.

पंधरा दिवसांनी स्पीड पोस्टाने आला. सही होती. मसुद्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या आणि खाली एक ओळ जास्तीची होती : 'यापुढे वार्षिक सभेची नोटीस मला पाठवावी.' तेव्हापासून पाठवतात.

आम्ही तिथे केलं काय? शेजारी बसलो. तिसरं माणूस खोलीत असलं की दोघांना जरा जपून बोलावं लागतं, आणि जपून बोललं की बरंचसं निभावतं. याचं बिल कुणाला लावायचं, ते मला आजवर कळलेलं नाही.

ओटीपी

आयकराची बाजू वेगळीच होती. १ एप्रिल २०२१ पासून जुन्या १२ए च्या नोंदण्या आपोआप चालू राहिल्या नाहीत. प्रत्येक संस्थेने फॉर्म १०ए भरून नव्याने नोंदणी घ्यायची होती. मुदत वाढत वाढत ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत आली होती, आणि आम्ही बॅग उघडली तेव्हा तीही उलटून महिना झाला होता. वेळेत अर्ज न करणाऱ्या संस्थेच्या निव्वळ मालमत्तेवरच कर बसावा अशी तरतूद २०२३ मध्ये झालेली. वाडा भाड्याचा होता, मालमत्ता म्हणजे भांडी, सतरंज्या आणि एक मुदत ठेव. तरी गुरुजींची झोप उडाली.

मग एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने पुन्हा एकदा, ३० जून २०२४ पर्यंत मुदत दिली. ही बातमी तालुक्याच्या पेपरात येत नाही. आम्हाला त्याच आठवड्यात कळली, कारण असल्या परिपत्रकांवर नजर ठेवणं हेच आमचं काम. माझ्या मते आमच्यासारख्या संस्थेचा पगार वसूल होतो तो अशा एखाद्या फोनवर. "गुरुजी, वाट उघडली. दोन महिने आहेत."

पोर्टलवर लॉगिन करायला गेलो तर ओटीपी खजिनदारांच्या मोबाइलवर. तो नंबर आता त्यांच्या पुण्यातल्या मुलाकडे. वडिलांचा नंबर म्हणून त्याने बंद केला नव्हता, दर महिन्याला रिचार्ज करत होता. ताईने फोन लावला, ओळख सांगितली, ओटीपी मागितला. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "संस्थेचं आहे ना? मग देतो." त्या संध्याकाळी चार वेळा ओटीपी लागला, चारही वेळा त्याने कंपनीतली मीटिंग सोडून दिला. आत शिरल्यावर पहिलं काम केलं ते संपर्काचा नंबर बदलण्याचं. नवा नंबर कुणाच्या खिशातल्या फोनचा नाही. संस्थेच्या नावाने एक साधा फोन घेतला, तो वाड्यावर चार्जिंगला लावलेला असतो. पासवर्ड बंद पाकिटात, पाकीट अध्यक्षांच्या कपाटात, आणि तशी नोंद प्रोसिडिंगमध्ये.

११ जूनला फॉर्म गेला. अध्यक्षांचं नाव जुन्या उताऱ्यावरही होतं आणि पदही चालू होतं, म्हणून सहीचा प्रश्न आला नाही. नशीबच. उताऱ्यावरचे अध्यक्षही मयत असते तर काय केलं असतं कुणास ठाऊक.

८०जी चं वेगळं दुखणं. यांची जुनी ८०जी मुदतीची होती, कधीच संपलेली. ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा होता की काम आधीच सुरू असलेल्या संस्थेला तात्पुरती मान्यता मिळत नाही, थेट फॉर्म १०एबी भरायचा आणि छाननीला सामोरं जायचं. तिथे तीन वर्षांचे हिशेब लागले, आणि हिशेबांनी नवीन गोष्ट वर काढली.

दोन कट्टे ज्वारी

लेखापरीक्षकांनी विचारलं, चाळीस पोरं पाच-सहा महिने जेवतात आणि अन्नावर खर्च एवढासा? एक तर पोरं कमी असतील, नाहीतर खर्च लपवलेला असेल.

दोन्ही नव्हतं. धान्य गावातून येत होतं. सुगी झाली की कुणी ज्वारी आणून टाकायचं, कुणी तूर, कुणी गूळ. बरेचसे देणारे स्वतः ऊसतोडीला जाणारेच. याची कुठे नोंद नव्हती, कारण पावती पुस्तक पैशाचं होतं. मावशींना मात्र सगळं पाठ. ताईने शंभर पानी वही घेतली आणि मावशी सांगतील तसं लिहायला बसली : 'ज्वारी २ कट्टे, वरच्या आळीतून. तूरडाळ १ पायली, सरपंचांच्या आईकडून. शेंगदाणे, ५ किलो असतील, नाव सांगू नका म्हणाले.' पुढे याची रीतसर धान्य नोंदवही झाली. आलेलं, वापरलेलं, शिल्लक, आणि बाजारभावाने किंमत. वस्तूरूप देणगीवर देणाऱ्याला ८०जी ची सूट मिळत नाही, पण संस्थेच्या हिशेबात तिला जागा हवीच. वर्षाअखेरीस बेरीज मांडली तर धान्याची किंमत रोख देणगीपेक्षा जास्त निघाली. पंचवीस वर्षं संस्था आपल्या कागदांवर होती त्याच्या निम्म्यानेही दिसत नव्हती.

ही वही मी पुढे अनेक ठिकाणी दाखवली. प्रस्ताव लेखनाचे तक्ते दाखवणं बंद केलं.

मावशींना सभासद करावं का

इथे आम्ही आमच्या कामाच्या कडेला जाऊन उभे राहिलो. संस्था प्रत्यक्ष चालवणाऱ्या दोन बाया, मावशी आणि ताई, सभासदच नव्हत्या. सभा व्हायची तेव्हा त्या चहा करायच्या. मला हे खुपलं. पण ते सांगायचा अधिकार मला होता का? आम्ही कागद नीट करायला गेलो होतो, संस्थेचा चेहरामोहरा बदलायला नाही. आमच्यातच दोन मतं पडली. एक सहकारी म्हणाला, "आपण ढकललं तर होईल, पण ते आपलं होईल."

मी ढकललं नाही, विचारलं. "गुरुजी, तुमच्यानंतर ही बॅग कुणाकडे?" ते बराच वेळ गप्प होते. पुढच्या सभेत त्यांनी स्वतःच विषय मांडला. किराणावाल्या काकांनी हरकत घेतली, आणि ती वायफळ नव्हती : मावशी पगारी आहेत, पगार घेणारा माणूस पगार ठरवणाऱ्यांत कसा बसणार? तासभर चर्चा झाली. ठरलं ते असं की मावशी साधारण सभासद, कार्यकारी मंडळात नाही. ताई मानधन घेत नव्हती, ती कार्यकारी मंडळात सहसचिव. आम्ही सुचवलं असतं त्यापेक्षा हे बरं होतं.

पैसा कुणी द्यायचा

आमच्या बाजूचाही हिशेब मांडायला हवा. या एका संस्थेसाठी आम्ही सतरा वेळा वाड्यावर गेलो. असल्या कामाला देणगीदार मिळत नाही. कंपन्यांना लाभार्थींचा आकडा हवा असतो. 'चेंज रिपोर्ट मंजूर' याचा फोटो निघत नाही. परदेशी मदतीचा रस्ता तर सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) बदलला तेव्हाच अरुंद झाला. एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी पुढे देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. आमच्यासारख्यांचं काम म्हणजे बहुतांशी माणसांचे पगार आणि एसटीची तिकिटं, म्हणजे कागदावर सगळा प्रशासकीय खर्चच. मग आम्ही काय करतो, तर कार्यशाळा घेतो, कारण कार्यशाळेला पैसे मिळतात. त्या ऑक्टोबरातली कार्यशाळाही तशीच झाली होती. गुरुजींनी उभं राहून प्रश्न विचारला नसता तर तिचा अहवाल 'यशस्वी' म्हणून गेला असता, फोटोंसह.

पुढे काय झालं

१२ए ची नव्याने नोंदणी आली. ८०जी च्या छाननीत कार्यालयाने दोनदा प्रश्न विचारले; दुसऱ्या वेळी धान्याची वहीच जोडली, मग मान्यता आली. चेंज रिपोर्ट एकेक करत मंजूर झाले, बँकेत नव्या सह्या लागल्या. कोरे दोन चेक अध्यक्षांनी सभेसमोर रद्द केले आणि तसंच लिहून ठेवलं. त्या कंपनीचे पैसे आले नाहीत. तिचं आर्थिक वर्ष मार्च २०२४ ला संपलं तेव्हा आमचा पहिला चेंज रिपोर्टही मंजूर झाला नव्हता. पैसा दुसरीकडे गेला.

जून २०२५ मध्ये कंपनी परत आली, या वेळी मोठा प्रस्ताव घेऊन. महामार्गालगत जागा, पक्की इमारत, शंभर पोरांची सोय. कागद आता सगळे जागेवर. मला वाटलं, घ्यावं. गुरुजींना तसं सांगितलंही, जरा जास्तच उत्साहाने.

१५ ऑगस्ट २०२५ ला वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय निघाला. मी मागे बसले होते. अप्पा नोटीस मिळाली म्हणून आले होते, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला की इमारतीची देखभाल पाच वर्षांनी कोण करणार. मग मावशी उभ्या राहिल्या. सभेत त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. म्हणाल्या, "पोरांच्या आज्या रोज सांजच्याला चालत येतात वाड्यावर. पोराच्या तोंडावरून हात फिरवतात आन् जातात. हायवेला कशा येतील त्या?"

त्यावर कुणी फारसं बोललं नाही. प्रोसिडिंगमध्ये ताईच्या अक्षरात आहे : ठराव क्रमांक ७, कंपनीच्या इमारत प्रस्तावाबाबत. वाड्याच्या दुरुस्तीसाठी मदत मिळाल्यास स्वागत; स्थलांतर नामंजूर. सूचक अप्पा, अनुमोदक मावशी.